वस्तू देण्याआधी छत : जुन्या वास्तूंतील संग्रहालयाला आपण नेमकी कशी मदत करावी?

वेशीपलीकडे (धागाकर्ता)

सोलापुरात शहराच्या इतिहासाचे संग्रहालय असावे, आणि ते नव्या काचेच्या इमारतीत न करता जुने वाडे, गिरण्यांच्या उरलेल्या इमारती किंवा इंग्रजांच्या काळातील कचेऱ्या यांतच करावे, अशी इच्छा या मंचावर अनेक सभासदांनी वेळोवेळी व्यक्त केली आहे. ती अवास्तव मुळीच नाही. आप्पासाहेब वारद यांनी बांधलेल्या इंद्रभुवनात आज महापालिकेचा कारभार चालतो. भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या घराचे स्मारक झाले आहे. १९३८मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेलेला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच निवर्तलेला हा मनुष्य याच शहरातला होता, हे पाठ्यपुस्तकातून कळते. पण त्याच्या घराच्या उंबरठ्यावर उभे राहिल्यावर ते ज्या रीतीने मनात उतरते, ती सोय कोणतीही नवी इमारत देऊ शकणार नाही.

माझा मुद्दा पुढचा आहे. 'मदत करू या' असे म्हटले की आपल्याकडे लगेच वस्तूंची यादी सुरू होते. कोणी आजोबांची तलवार देऊ करतो, कोणी पणजीचा पानाचा डबा, कोणी दोन पोती मोडी कागद. जिल्ह्यातील एका लहान संग्रहालयात मी काही काळ स्वयंसेवक म्हणून जात असे. त्याचे नाव येथे घेत नाही, कारण थोड्याफार फरकाने अनेक ठिकाणी हीच स्थिती आढळते. तेथे वस्तूंची वाण कधीच नव्हती. वाण होती ती मे महिन्यात माळवदावर पांढरी माती टाकून घेणाऱ्या माणसाची आणि त्याला द्यावयाच्या मजुरीची.

ज्यांनी माळवदाचे घर पाहिलेले नाही, त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने सांगतो. भिंतीवर तुळया, तुळयांवर किलच म्हणजे लाकडी पट्ट्या, त्यावर पाल्याचा थर आणि वर मातीचा जाड थर अशी या छताची रचना असते. पावसाळ्यापूर्वी त्यावर पांढरी माती पसरून, चोपून, उतार पन्हळीकडे नीट वळला आहे की नाही हे पाहावे लागते. एक वर्ष हे राहिले तर लगेच काही होत नाही, आणि नेमके तेच घातक असते. पाणी थेंबथेंब आत मुरते, तुळईचे भिंतीत गेलेले टोक ओले राहते, तेथे वाळवी शिरते. बाहेरून तुळई धडधाकट दिसते. तिचे टोक बोटाने दाबले की लाकूड भुग्यासारखे आत जाते. त्या संग्रहालयात मी हे पाहिले, तेव्हा त्याच तुळईखाली काचेच्या पेटीत दात्यांनी दिलेल्या बखरीच्या नकला ठेवलेल्या होत्या आणि पेटीवर दात्याच्या नावाची पितळी पाटी नुकतीच घासूनपुसून लावलेली होती.

जुन्या वास्तूतील संग्रहालयात वास्तू हीच पहिली वस्तू असते आणि ती काचेच्या पेटीत ठेवता येत नाही. इतर वस्तू एकदा नीट ठेवल्या की बऱ्याच काळापुरती निश्चिंती असते. वास्तू मात्र दरवर्षी मागते. उद्‌घाटनासाठी पैसा उभा करणे अवघड नाही. पाहुणे येतात, छायाचित्रे निघतात, पाटी लागते. मात्र राखणदाराचा पगार, विजेचे बिल, पन्हळीची सफाई, वाळवीवरील उपाय आणि नोंदवही लिहिणाऱ्या माणसाचे मानधन यांसाठी वर्षानुवर्षे थोडी थोडी रक्कम देणारे लोक मिळत नाहीत. म्हणून माझी सूचना अशी आहे की, आपण येथे जी काही मदत उभी करू, ती पहिल्याने आवर्ती खर्चासाठी असावी, आणि ज्या संस्थेकडे छताची व्यवस्था व वस्तूंची दाखल नोंदवही नाही, तिला घरातील एकही वस्तू देऊ नये. सूचना कठोर वाटेल. त्यावरील आक्षेप ऐकण्याची माझी तयारी आहे.

चाटी गल्ली

मुद्दा पटला, तरी व्यापारी माणूस म्हणून एक अडचण मांडतो. लोक पाटीसाठी देणगी देतात असे म्हणून नाक मुरडण्यात अर्थ नाही. सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत अन्नदानाची, पाण्याची, मंडपाची सोय आमच्या पेठेतील लोक वर्षानुवर्षे करत आले आहेत आणि त्यांची नावेही लागतात. मग छतालाही पाटी का लावू नये? 'या दालनाचे माळवद यंदा अमुक कुटुंबाने करून घेतले' असा फलक त्या वर्षापुरता लावावा आणि पुढच्या वर्षी नाव बदलावे. तुळईगणिक, खिडकीगणिक, दालनागणिक वर्षासन, म्हणजे दरवर्षी द्यायची ठरलेली रक्कम, ठरवता येईल. आमच्याकडे वर्षासन देण्याची रीत देवस्थानांसाठी आहेच. ती संग्रहालयाला लावली तर ती कोणाला नव्याने समजावून सांगावी लागणार नाही.

दुसरे म्हणजे, कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाचा (सीएसआर) निधी आणावा असे दरवेळी म्हटले जाते. आपल्याकडील चादर-टॉवेलचे कारखाने त्यात येतात का, हे कोणी जाणकाराने सांगावे.

जमाखर्च

बहुतेक येत नाहीत. कंपनी कायदा, २०१३ नुसार मागील आर्थिक वर्षात निव्वळ संपत्ती ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये, यांपैकी एक मर्यादा जी कंपनी गाठते, तिलाच मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम या कामी खर्च करावी लागते. आपले यंत्रमाग कारखाने बहुधा मालकीचे किंवा भागीदारीचे आहेत. ते कंपनी या व्याख्येतच बसत नाहीत. सहकारी साखर कारखानेही सहकार कायद्याखाली नोंदलेले असल्याने त्यांना हे कलम लागू नाही. खासगी साखर कारखाने आणि जिल्ह्यात प्रकल्प असलेले एनटीपीसीसारखे सार्वजनिक उपक्रम यांच्याकडे मात्र जाता येते. कायद्याच्या सातव्या अनुसूचीत राष्ट्रीय वारसा, कला व संस्कृती यांच्या रक्षणाचा आणि ऐतिहासिक महत्त्वाच्या इमारती व स्थळे यांच्या दुरुस्तीचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि कंपनीने आपल्या परिसरातील कामांना प्राधान्य द्यावे असेही कायदाच सांगतो.

पण त्यासाठी घेणारी संस्था कागदोपत्री नीट हवी. धर्मादाय आयुक्तांकडे न्यास म्हणून नोंदणी, वेळच्या वेळी लेखापरीक्षण, प्राप्तिकरातील नोंदण्या आणि १ एप्रिल २०२१पासून सीएसआर-१ या अर्जाद्वारे मिळणारा नोंदणी क्रमांक यांवाचून कंपनी पुढे बोलतच नाही. हे काम करून देणारा एखादा सनदी लेखापाल दरवर्षी विनामूल्य मिळाला, तर ती लाखभराच्या देणगीपेक्षा मोठी मदत ठरेल, असे माझे मत आहे.

व्यक्तिगत देणगीदारांसाठीही दोन गोष्टी नोंदवतो. देणगीवरची प्राप्तिकरातील वजावट, जी ८०जी म्हणून ओळखली जाते, ती जुन्या करप्रणालीतच मिळते, आणि २,००० रुपयांहून अधिक रक्कम रोख दिल्यास ती मिळत नाही. वस्तूरूपाने दिलेल्या दानालाही ही वजावट नाही. त्यामुळे तलवारीची किंमत काढून पावती मागण्यात काही हशील नाही.

होटगी रोड

सर्वांच्या भावनांचा आदर राखून विचारतो. ज्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही आणि शिकलेली मुले पुण्याची गाडी धरतात, तेथे जुन्या भिंतींवर पैसा घालणे हा अग्रक्रम कसा असू शकतो? पाचपन्नास हौशी लोकांच्या समाधानासाठी हे चालले आहे, असे कोणी म्हटले तर त्याला काय उत्तर द्यावे?

पूर्व भाग

होटगी रोड यांना माझे उत्तर आमच्या भागातून द्यावेसे वाटते. आमच्या वडीलधाऱ्यांनी तेलंगणातून येऊन येथे माग मांडले. १८७७मध्ये जुनी गिरणी निघाली, नंतर नरसिंग गिरजी आणि लक्ष्मी-विष्णू या गिरण्या चालल्या, आणि त्यांच्या भोंग्यावर निम्म्या शहराचे घड्याळ लागत असे. आज त्या बंद आहेत. ज्या मुलांनी पुण्याची गाडी धरली, त्यांना आपण नेमके काय मागे सोडून जात आहोत हे दाखवण्याजोगी एकही जागा गावात नसावी, ही मला पाण्याइतकी नसली तरी खरी उणीव वाटते. शिवाय पाण्याचा पैसा काढून संग्रहालयाला द्यावा, असे या धाग्यात कोणीही म्हटलेले नाही.

आता मूळ विषयाकडे येतो. कापड देऊ इच्छिणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी, की दगडी मूर्तीला जे चालते ते लुगड्याला चालत नाही. जुने इरकली लुगडे किंवा जेकॉर्ड मागावरची पहिली चादर घडी घालून कपाटात ठेवली, तर काही वर्षांत घडीवरच धागा तुटतो. कापड घडी न घालता रुंद नळीवर गुंडाळावे, मध्ये खळ धुऊन काढलेला मांजरपाट घालावा, आणि प्रकाश ५० लक्सच्या आसपास ठेवावा, म्हणजे पाहणाऱ्याला दालन अंधारे वाटते इतका. सवण्यातून म्हणजे छतातल्या झरोक्यातून येणारे ऊन आपल्याला देखणे वाटते. कापडाच्या रंगाचा मात्र ते शत्रू आहे. दाखल क्रमांक कापडावर शाईने कधीही लिहू नये. सुती फितीच्या तुकड्यावर लिहून ती फीत कडेला दोनचार टाक्यांनी शिवावी, म्हणजे उद्या काढता येते. कसर लागू नये म्हणून डांबराच्या गोळ्या भारंभार टाकण्यापेक्षा महिन्यातून एकदा प्रत्येक गुंडाळी उघडून पाहणारे डोळे अधिक उपयोगी पडतात. हे काम आमच्या भागातील स्त्रिया उत्तम करतील. त्यांचा हात धाग्यावर बसलेला आहे. त्यांना मानधन मात्र द्यावे, 'सेवा' म्हणून फुकट राबवू नये.

आणखी एक. खड्डा माग, म्हणजे खड्ड्यात पाय सोडून चालवायचा हातमाग, ठेवायचाच असेल, तर तो चालता ठेवावा. धोट्याचा आवाज ऐकल्यावर पोरे जागची हलत नाहीत, आणि बंद मागासमोर एक मिनिटही थांबत नाहीत. मात्र चालता माग म्हणजे ताणा, बाणा, कांड्या भरणारा माणूस आणि विणकराची रोजची मजुरी आली; धागाकर्त्यांच्या आवर्ती खर्चात हेही धरावे. फलकही मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि उर्दूत लावावेत. गाव चार भाषांत बोलते, आणि ज्याची भाषा भिंतीवर नाही, तो वर्गणी कशाला देईल?

खंदक

कायद्याच्या बाजूने काही लिहितो, कारण उत्साहात लोक अडचणीत येतात.

पहिली गोष्ट किल्ल्याची. आपला भुईकोट किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. 'किल्ल्यातच संग्रहालय करा' ही सूचना ऐकायला बरी वाटते, परंतु संरक्षित स्मारकात आपण स्वतःहून खिळाही मारू शकत नाही. प्राचीन स्मारकांच्या कायद्यातील २०१०च्या दुरुस्तीनुसार अशा स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत परवानगीनेच शक्य आहे. त्यामुळे सिद्धेश्वर तलावाच्या बाजूची एखादी जुनी वास्तू कोणाच्या मनात असेल, तर आधी अंतर मोजून घ्यावे. मे १८१८मध्ये इंग्रज सेनानी मन्रोच्या फौजेने हा किल्ला पेशव्यांच्या सैन्याकडून घेतला. तो प्रसंग दाखवायचा तर तो किल्ल्याबाहेरच्या दालनात नकाशाने दाखवता येतो, आणि माझ्या मते तो तेथे अधिक चांगला कळेलही.

दुसरी गोष्ट वस्तूंची. पुरावशेष व कला खजिना अधिनियम, १९७२ प्रमाणे १०० वर्षांहून जुनी वस्तू आणि ७५ वर्षांहून जुनी, शास्त्रीय, ऐतिहासिक वा वाङ्मयीन मोलाची हस्तलिखिते ही पुरावशेष ठरतात. दगडी, धातूच्या किंवा मातीच्या मूर्ती, चित्रे, सचित्र पोथ्या अशा अधिसूचित प्रकारांची नोंदणी लागते, आणि नोंदवलेल्या वस्तूची मालकी बदलली की ते नोंदणी अधिकाऱ्यास कळवावे लागते. शेतात नांगरताना नाणी किंवा मूर्ती सापडली आणि ती परस्पर संग्रहालयाला 'भेट' दिली, तर देणारा आणि घेणारा दोघेही अडचणीत येतात. १८७८च्या कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचा गुप्त ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. आपला जिल्हा या बाबतीत संपन्न आहे. हत्तरसंग-कुडल येथील शके ९४०चा, म्हणजे १०१८ सालचा मराठी शिलालेख भीमा-सीना संगमावरच्या मंदिरात आहे. असा लेख मूळ जागीच राहावा. संग्रहालयात त्याचा ठसा आणि वाचन ठेवले की काम भागते.

तिसरी गोष्ट, दानपत्र लेखीच करावे. 'ठेवायला दिले' आणि 'देऊन टाकले' यांतील फरक देणाऱ्याच्या हयातीत कोणी विचारत नाही. तो प्रश्न त्याच्या नातवंडांच्या भांडणात निघतो.

चुनखडी

मी बांधकामातला आहे, त्यामुळे छताच्या मुद्द्यावर थोडे बोलण्याचा अधिकार घेतो. धागाकर्त्यांनी माळवदाचे लिहिले ते योग्यच आहे, पण जुन्या वास्तूंचे आमच्या पिढीने सर्वांत मोठे नुकसान केले ते दुरुस्तीच्या नावाखाली. चुन्यात बांधलेल्या भिंतीला सिमेंटचा गिलावा दिला की ती दोन वर्षे नवी दिसते. पायातून वर चढणारी ओल पूर्वी चुन्यातून सुकून जात असे. सिमेंटने तिची वाट बंद होते, मग ती आतल्या बाजूने निघते, लोणा म्हणजे क्षारांचा थर लागतो, आणि भिंतीला टेकवून ठेवलेल्या कपाटातील कागद दमट होतात. गिलावा पडला की लोक म्हणतात भिंत कच्ची होती.

चुन्याचे काम महाग असते असे नाही, ते सावकाश होणारे असते. चुना भिजवून मुरू द्यावा लागतो, चुन्याच्या घाण्यात मळावा लागतो, गुळाचे आणि हिरड्याचे पाणी घालायचे तर त्याचे प्रमाण जाणणारा माणूस लागतो, आणि आपल्या उन्हाळ्यात गिलावा करायचा झाल्यास तो दिवसभर ओल्या गोणपाटाने झाकून ठेवावा लागतो, नाहीतर तडकतो. निविदेत मात्र काम मार्चअखेर संपवण्याची अट असते. म्हणून देणगीदारांनी एक अट जरूर घालावी : आमचा पैसा मार्चच्या मुदतीला बांधू नका, आणि सिमेंटला लावू नका.

होटगी रोड यांच्यासाठी एवढेच, की चुन्याचे काम जाणणारे गवंडी आता शोधून आणावे लागतात. एका वाड्याच्या दुरुस्तीत चार तरुण हे काम शिकले, तर त्यांना पुण्यातही मागणी आहे आणि येथेही.

होटगी रोड

हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. रोजगाराची ही बाजू असेल, तर माझा विरोध सौम्य होतो. पूर्ण मावळत नाही. लोकांच्या पैशाने दुरुस्त झालेली वास्तू पुढे कोणाच्या ताब्यात राहणार, हे मला अजून कळलेले नाही.

वेशीपलीकडे (धागाकर्ता)

आपला शेवटचा प्रश्न सर्वांत कळीचा आहे. मुंबईतील भाऊ दाजी लाड संग्रहालयाचे उदाहरण त्यासाठी पाहण्याजोगे वाटते. १८७२मध्ये लोकांसाठी खुली झालेली ती इमारत महापालिकेची. ती अगदी खिळखिळी झाल्यावर २००३मध्ये महापालिका, वारसा जतन करणारी इंटॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांच्यात त्रिपक्षीय करार झाला, जीर्णोद्धाराला २००५मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला आणि २००८मध्ये संग्रहालय पुन्हा उघडले. मालकी सार्वजनिक, जाणकारी तज्ज्ञ संस्थेची, पैसा देणगीदाराचा आणि रोजचे व्यवस्थापन स्वतंत्र न्यासाकडे, अशी ती घडण आहे. आपल्याकडे तेवढा पैसा नाही, हे उघड आहे; पण कराराचा आराखडा घ्यायला पैसा लागत नाही. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठात पुरातत्त्वाचे अध्यापन चालते, म्हणजे जाणकारीसाठी फार लांब जाण्याचीही गरज नाही. एखादा वाडा खासगी मालकीचा असेल, तर मालकी तशीच ठेवून दीर्घ मुदतीचा नोंदणीकृत भाडेकरार करावा, आणि करारात दुरुस्तीचा खर्च व मुदतीनंतरचा ताबा स्पष्ट लिहावा. त्याशिवाय कोणी एक रुपयाही देऊ नये, असे माझे मत आहे.

चाटी गल्ली यांची वर्षासनाची कल्पना मला सर्वांत अधिक भावली. फक्त एक भर घालतो : वर्षासन दालनाला असते तसेच ते कामालाही असावे. सोलापूरच्या चार हुतात्म्यांपासून सुरुवात करता येईल. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली, हे चौकातल्या पुतळ्यांमुळे सर्वांना ठाऊक आहे. परंतु मे १९३०च्या मार्शल लॉच्या दिवसांत सामान्य घरांत काय घडले, कोणाचा धंदा बुडाला, कोण गाव सोडून गेले, याच्या आठवणी ज्यांनी आपल्या आईवडिलांकडून ऐकल्या, ती पिढीही आता ऐंशीच्या घरात आहे. त्या आठवणी ध्वनिमुद्रित करून उतरवून घेणाऱ्या एका अभ्यासकाचे वर्षभराचे मानधन हेही वर्षासन होऊ शकते, आणि त्याला छत गळण्याची वाट पाहावी लागत नाही.

पूर्व भाग

ध्वनिमुद्रणासाठी तेलुगू बोलणारा माणूस बरोबर घ्यावा. आमच्या आजीबाई मराठीत विचारले तर दोन वाक्यांत आटपतात.

चाटी गल्ली

पेठेत दोनतीन घरांशी बोललो. वर्षासनाला तत्त्वतः होकार आहे. मात्र प्रत्येकाने तोच प्रश्न विचारला, हिशेब कोण पाहणार आणि तो दरवर्षी कोठे लावणार. 'जमाखर्च' यांनी लेखापालाचे काम स्वतः घेण्याचे मनावर घेतले, तर मी पुढच्या बैठकीला ही माणसे घेऊन येतो.

जमाखर्च

घेतो. हिशेब वास्तूच्या दर्शनी सोप्यात, प्रवेशाच्या खिडकीशेजारी कागदावर लावला जाईल, आणि त्यात माळवदाची मजुरी वेगळ्या रकान्यात दाखवली जाईल, एवढी माझी अट आहे.